राहू दे, लागेल

खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर असेल. डिलाईल रोडवरच्या एका जुन्या गिरणीच्या आवारातल्या आमच्या ऑफिसात त्यांना सगळे राहूदेभाऊच म्हणतात. जिथे कोड लिहिला जातो तिथे ही जात सापडतेच. काम संपतं, ब्रँच मेनमध्ये मर्ज होते, पेढे वाटून होतात. ब्रँच मात्र जागची हलत नाही. पुसू का म्हणून विचारलं की भाऊ मान वरही न करता म्हणतात, "राहू दे, लागेल."

घरी असं नाही हं. बीडीडी चाळीतली 160 चौरस फुटांची खोली. नवी बादली आली की जुनी त्याच दिवशी भंगारवाल्याकडे. साठवायची सगळी हौस भाऊ कोड सांभाळणाऱ्या गिटमध्ये भागवतात. पुनर्विकासात 500 फुटांचं घर मिळाल्यावर काय होईल, ही चिंता वहिनींना आहे.

आमचं सॉफ्टवेअर मालाच्या गाड्यांना रस्ते सुचवतं. जुलै 2018 मध्ये लोअर परळ स्टेशनालगतचा पूल धोकादायक म्हणून बंद झाला, तेव्हा गाड्या वळवायला भाऊंनी ‘डिलाईल’ नावाची ब्रँच काढली. नोव्हेंबर 2023 मध्ये पूल पूर्ण खुला झाला. ब्रँच आहेच. "पुलाचा काय भरवसा?" ह्या युक्तिवादापुढे मुंबईकर काय बोलणार?

"आणि जागा किती खाते? एक्केचाळीस बाइट!" हेही खरंच. ब्रँच म्हणजे शेवटच्या कमिटचा चाळीस अक्षरी क्रमांक आणि एक ओळमोड. पण सर्व्हर साफ केला की भाऊ दुसऱ्या दिवशी ‘गिट पुश --ऑल’ मारतात आणि सर्वपित्रीला यावेत तसे सगळे गेलेले सर्व्हरवर हजर.

परवा नव्या मुलीने ‘डिलाईल/स्टेशन’ ब्रँच पाठवली. सर्व्हर घेईना. तिला वाटलं पासवर्ड चुकला, भाऊंना वाटलं वायफाय. कारण साधं होतं: गिट ब्रँचची नावं फाइल आणि फोल्डरसारखी मांडतं. ‘डिलाईल’ नावाची फाइल बसलेली असताना त्याच नावाचं फोल्डर होणार कसं?

"भाऊ, तुमची डिलाईल पुसावी लागेल."

"राहू—"

"भाऊ!"

सर्व्हरवरची तिनेच काढली. मग भाऊंच्या लॅपटॉपवर ‘गिट फेच --प्रून’ चालवून सर्व्हरवर नसलेल्या ब्रँचच्या सावल्या पुसल्या. पण प्रून भाऊंच्या स्वतःच्या ब्रँचला हात लावत नाही. ती राहिली तर पुढच्या ‘--ऑल’ला पुन्हा तोच गोंधळ. भाऊंनी ती पुसायला लहान ‘-डी’ दिला. गिटने नकार दिला: पूर्ण मर्ज झालेली नाही. भाऊंचा चेहरा उजळला. "बघ, यंत्रालासुद्धा कळतं!"

यंत्राला काही कळत नव्हतं. काम संपलं तेव्हा ब्रँचचे सगळे कमिट दाबून एक करून मेनमध्ये घातले होते. मूळ कमिट तिथे सापडेनात, म्हणून गिट बिचकलं. कोड जागेवरच होता. तिने फरक काढून दाखवला. शिवाय पुसल्यावर हळहळ वाटलीच, तर रिफ्लॉगमधून सहसा महिनाभर तरी परत आणता येतं, हेही सांगितलं.

"महिनाच?" भाऊंनी विचारलं.

मग न विचारता पुसणारा मोठा ‘-डी’ दाबला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, चहा आला. संध्याकाळी मुलीने यादी पाहिली. ‘डिलाईल’ खरोखरच गेली होती. ‘डिलाईल-जुनी’ आणि, ती हरवली तर असावी म्हणून, ‘डिलाईल-जुनी-2’ तेवढ्या नव्या होत्या.