वरपक्षातील रुसवा काढण्याची रीत

कार्यालयात रागावलेला आणि रुसलेला यांची गल्लत करू नये. रागावलेल्याला पानाच्या टपरीपर्यंत फिरवून आणले की भागते. रुसलेला मात्र ‘मला भूक नाही’ एवढेच म्हणतो, तेही पाने मांडून झाल्यावर.

रुसण्याचा पहिला मान विहीणबाईंचा. पण सीमांतपूजनाला पाय धुणे, येता-जाता पायघड्या, पंगतीत चांदीचे ताट, महिरप, उदबत्ती असा त्यांचा बंदोबस्त पूर्वजांनीच करून ठेवला आहे. नवरदेवाच्या काकांसाठी शास्त्रात तरतूद नाही. म्हणून हल्ली काका रुसतात. कारण बहुधा फेटा. फेटेवाला शेवटच्या डोक्याला पीन टोचून, उरलेले कापड गुंडाळून निघून गेलेला असतो आणि काका बोडके!

काका खोलीत पंख्याखाली, पण दाराकडे तोंड करून बसलेले सापडतील. दार उघडेच असते. समजूत काढायला नवरीच्या बापाने लगेच धावू नये. आधी मामाला पाठवावे. मामा परत येतो, तो यायचाच असतो. मग बापाने जावे, सोबत चारचौघे न्यावेत. एकांतात काढलेला रुसवा संध्याकाळपर्यंत पुन्हा धरतो.

‘काय झालं?’ हा प्रश्न चुकूनही विचारू नये. उत्तर 1998 सालच्या साखरपुड्यापासून सुरू होते. ‘चुकलं आमचं’ म्हणावे; काय चुकले ते काकांवर सोडावे. ‘आमचं काय, आम्ही आपले असेच’ असे उत्तर आले की काम निम्मे झाले. ‘तुमच्याशिवाय पंगत बसायची नाही’ म्हणून हात धरावा. काका हात सोडवतील, पण अंगठीच्या बाजूने नाही.

नारळ, टॉवेल-टोपी जवळ ठेवावी. हुंडाबंदीचा कायदा 1961 चा. लग्नातल्या भेटवस्तूंची सहीनिशी यादी ठेवण्याचे नियम 1985 चे. त्यांत रुसव्यासाठी रकाना नाही, हे सरकारचे शहाणपणच म्हणायचे. पाकिटाची सवय मात्र लावू नये. पुढे दिवाळसण आहे, आणि तेव्हा जावईही शिकलेला असतो.

काका उठले, की फोटोग्राफरला खूण करावी. फ्लॅश उडणे महत्त्वाचे.

मग मागे वळून पाहावे. काकू अजून बसलेल्या असतात.