बावीस तास

हल्ली पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीत एक तरी अलाइनरकाका असतातच. वय पन्नाशीच्या अलीकडचं-पलीकडचं, घराचे हप्ते फिटलेले, मुलगी नोकरीला लागलेली आणि खालचे पुढचे दोन दात एकमेकांच्या अंगावर रेललेले. हे दात वयात आल्यापासून तसेच असतात. कुणाचं काही अडलेलं नसतं. पण मुलीचं लग्न ठरतं, साखरपुड्याला फोटोग्राफर "काका, जरा मोकळं हसा ना" म्हणतो आणि काका तडक दातांचे डॉक्टर गाठतात. तारांचं नाव काढताच हात झटकतात. तारा शाळकरी पोरांना. आपल्याला ते पारदर्शक अलाइनर बसवा, कुणाला कळता कामा नये.

आठवड्याभरात ते वॉचमनलासुद्धा कळलेलं असतं.

आमच्या मजल्यावरचे काका तर पहिल्याच दिवशी मोबाइल घेऊन दारात उभे. दवाखान्यात तोंडात कॅमेरा फिरवून दातांचा स्कॅन केलेला, त्यावरून संगणकाने पुढच्या वर्षभराची हालचाल दाखवलेली. पडद्यावर दात शिस्तीत सरकत सरकत ओळीत येतात. "हा आजचा. हा गणपतीतला. आणि हा बघा, दिवाळीनंतरचा!" लेकीच्या साखरपुड्याचा व्हिडिओ इतक्या जणांनी पाहिला नसेल. खरं तर ती नुसती योजना. दातांनी ती वाचलेली नसते, हे डॉक्टरांनी त्यांना दोनदा सांगितलं होतं. पण काका उभं आयुष्य बँकेत ऑडिटला. छापील वेळापत्रकावर त्यांची श्रद्धा.

डॉक्टर म्हणाले, दिवसातून वीस ते बावीस तास अलाइनरचे ट्रे तोंडात हवेत. काकांनी बावीस धरले. उरले दोन तास. त्यात नाश्ता, दोन जेवणं, चहा आणि दर खाण्यानंतर दात घासणं. लगेच एक डायरी आली. 'पोहे १८ मि., घासणे ४ मि.' काकूंनी आग्रहाने दुसऱ्यांदा वाढलं की काका घड्याळाकडे बघत जेवतात. अकराचा चहा बंद झाला, चारचा बंद झाला, जाता-येता डब्यातली चकली तोंडात टाकणं बंद झालं. पोट बरंच आत गेलं. त्याचं श्रेय ते प्राणायामाला देतात.

हे सगळं बंद, कारण ट्रे घातलेले असताना पाण्याशिवाय काही चालत नाही. गरम चहाने प्लास्टिकचा आकार बिघडतो आणि रंग धरतो तो वेगळाच. आता आपल्याकडे माणसाला पाणी देऊन कोण सोडतो? संक्रांतीला काका घरोघरचा तिळगूळ सदऱ्याच्या खिशात भरून परतले. सत्यनारायणाच्या प्रसादाला नाही म्हणता येईना, तेव्हा शिऱ्याचा द्रोण हातात धरून आरती, गप्पा आणि सेक्रेटरींचं पाणीकपातीवरचं भाषण संपेपर्यंत तसेच उभे. बायका आपसात म्हणाल्या, किती भाविक हो!

पहिले काही दिवस बोलण्याचीही पंचाईत. जीभ प्लास्टिकला अडखळते आणि 'स'चा 'श' होतो. रस्ते बाजीराव आणि टिळक असते तर निभावलं असतं, काकांना रिक्षावाल्याला सांगायचं होतं, "शदाशिव पेठेत शनिपाराला शोडा." रिक्षावाल्याने तोंडाचा वास घेऊन नकार दिला. हा दोष थोड्याच दिवसांत जातो, मोठ्याने वाचलं की लवकर जातो, म्हणून काका गच्चीत रोज पेपरातला अग्रलेख वाचत. शेजारच्या इमारतीतून तक्रार आली.

ट्रेंचा नवा जोड घालायची त्यांची एक पद्धत आहे. शक्यतो रात्री, जेवण उरकून. म्हणजे पहिला ताण झोपेत निघतो. आधी बोटांनी दाबायचा, मग रबराची मऊ गुंडाळी दातांखाली धरून चावायची, प्लास्टिक दाताला घट्ट बसेपर्यंत. काढताना दाढेच्या आतल्या बाजूने नख घालायचं. टक्. दुसऱ्या बाजूला टक्. मग लाळेची एक लांब तार, ती रुमालात गुंडाळत काका संभाषण पुढे चालू ठेवतात. दातांवर पांढरट खड्यांसारखे उंचवटे चिकटवलेले असतात, ट्रेला पकड मिळावी म्हणून. ते गालाला आतून टोचतात. शिवाय दोन दातांच्या मध्ये पट्टी फिरवून जागा केली होती. घासलं ते अर्ध्या मिलिमीटरच्या आतच, पण सोसायटीत बातमी 'काकांचे दात कानशीने घासले' अशी पसरली, आणि ती खोडून काढण्याची काकांना काही घाई दिसली नाही.

"एका जोडीत दात किती सरकतो माहितीये? पाव मिलिमीटर!" हे ते लिफ्टमध्ये सांगतात. तळमजल्यापासून चौथ्यापर्यंत शास्त्र पुरतं: दाबाच्या बाजूचं हाड विरतं, मागच्या बाजूला नवं भरतं, म्हणून घाई करून चालत नाही. लिफ्ट अडकली तर इतिहास. १९९७ साली कॅलिफोर्नियात झिया चिश्ती आणि केल्सी वर्थ या दोघांनी अलाइनरची कंपनी काढली. दोघंही स्टॅनफर्डचे आणि दोघांपैकी दंतवैद्य कुणीच नाही! चिश्तींनी मोठेपणी तारा लावल्या होत्या. नंतर दात धरून ठेवायला दिलेला रिटेनर मध्येच घालायचा राहिला, दात हलले, पुन्हा घातल्यावर परत जागेवर आले, त्यातून ही कल्पना. प्रत्येकाचे दात अलाइनरने सरळ होतीलच असं नाही, काहींना ताराच बऱ्या, ही गोष्ट मात्र काकांच्या इतिहासात येत नाही.

खरी कसोटी लेकीच्या लग्नात. वरपक्षासमोर डबी काढायची कशी, म्हणून काकांनी दोन्ही ट्रे कागदी नॅपकिनमध्ये गुंडाळून ताटाशेजारी ठेवले. जिलबी झाली, मठ्ठा झाला, वाढप्याने ताट उचललं. ज्यांचे ट्रे हरवतात त्यातले बरेचसे असेच नॅपकिनमधून जातात. काकांना ते ठाऊक होतं, लोकांना तेच सांगायचे. त्यानंतर वधूपिता शेरवानीत, कार्यालयाच्या मागच्या बाजूला, मोबाइलच्या उजेडात खरकटं उपसतोय आणि व्याही शेजारी उभे राहून "एक सापडला!" असं ओरडतायत, हे दृश्य फोटोग्राफरने सोडलं नाही. दुसरा सापडलाच नाही. पण जुने जोड टाकायचे नसतात, ते अशाच वेळी कामी येतात. काकांचे श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात तारीखवार ठेवलेले होते. डॉक्टरांना विचारून मागचा जोड घातला आणि सप्तपदी निर्विघ्न पार पडली.

सगळे जोड संपल्यावर काकांनी पेढे वाटायची तयारी केली. डॉक्टरांनी पुन्हा स्कॅन केला. एक दात अजून हट्ट करतोय, म्हणाले. आणखी काही जोड. काकांनी नवी डायरी आणली. तेही संपले तेव्हा हातात रिटेनर आले, दात पुन्हा मूळ गावी जाऊ नयेत म्हणून. आधी काही महिने जवळजवळ दिवसभर, मग रोज रात्री.

"किती वर्षं?" काकांनी विचारलं.

"दात आहेत तोवर."

काकू शेजारीच होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "घोरणं थांबतं का हो याने?"

थांबत नाही. आमची भिंत सामाईक आहे.