मुद्दा पहिला: आंतरराष्ट्रीय परिस्थिती

लालबाग-परळच्या जुन्या चाळींत एक तरी कॉम्रेड असतातच. वय सत्तरीच्या पुढे, अंगात सुती बुशशर्ट, खिशाला दोन पेनं आणि खांद्याला शबनम. या शबनममध्ये पावतीपुस्तक, कार्बन पेपर, शाईचं पॅड, पक्षाचं साप्ताहिक, पित्ताच्या गोळ्या आणि येत्या मोर्चाची हँडबिलं असतात. मागच्या मोर्चाचीही असतात, कारण त्यांची मागची बाजू कोरी असते आणि हिशेबाला कागद लागतोच.

कॉम्रेड बोलायला उभे राहिले की पहिला मुद्दा आंतरराष्ट्रीय परिस्थितीचा. दुसरा देशाचा, तिसरा राज्याचा, आणि वेळ उरलाच तर ज्यासाठी सभा बोलावली तो. चाळीच्या नळाला पाणी कमी येतं म्हणून बैठक ठेवली, तर कॉम्रेड अमेरिकन साम्राज्यवादापासून निघतात, अर्ध्या तासाने दिल्लीला पोचतात, मंत्रालयावरून वळसा घेऊन एफ दक्षिण वॉर्डात शिरतात आणि नळापाशी येतात तेव्हा पाणी आलं म्हणून बायका हंडे घेऊन उठलेल्या असतात. कॉम्रेड मात्र ठराव मांडतात आणि तो एकमताने मंजूर होतो. मतं दोनच असतात, त्यांचं आणि सतरंजी गोळा करायला थांबलेल्या पोराचं.

हार हा शब्द त्यांच्या कोशात नाही. मोर्चाला चाळीस माणसं आली तर अहवालात ‘उपस्थिती मर्यादित, पण लढाऊ’. निवडणुकीत अनामत गेली तर ‘मतांत अपयश, परंतु प्रचाराला उत्स्फूर्त प्रतिसाद’. बाकीच्या पक्षांच्या नुसत्या चुका होतात. डाव्यांच्या मात्र ऐतिहासिक. १९९६ साली ज्योती बसूंना पंतप्रधान होऊ दिलं नाही, त्या निर्णयाला खुद्द बसूंनीच ते विशेषण लावून ठेवलंय.

समोरच्या चाळीत दुसरे कॉम्रेड राहतात. ते दुसऱ्या पक्षाचे. पक्ष फुटला १९६४ साली, पण नाक्यावरच्या हॉटेलात ती फूट रोज सकाळी नव्याने पडते. एक जण ‘आणीबाणीला पाठिंबा कोणी दिला?’ म्हणून विचारतो, तर दुसरा ‘आम्ही भटिंड्याच्या अधिवेशनात चूक कबूल केली, तुम्ही कुठली केलीत?’ म्हणून उलट टाकतो. कटिंग मात्र दोघांत एकच. कोणी तिसऱ्याने येऊन प्रेमाने ‘काय साथी!’ म्हटलं की दोघंही एकदम त्याच्यावर उखडतात. साथी म्हणजे समाजवादी. तेवढ्यापुरती डावी एकजूट होते.

१९२८चा गिरणी संप आपले कॉम्रेड असा रंगवतात की ऐकणाऱ्याला वाटावं, सहा महिने डांग्यांच्या शेजारी हेच बसले होते. तेव्हा त्यांच्या वडिलांनासुद्धा मिसरूड फुटलेलं नव्हतं. १९८२च्या संपात मात्र ते खरोखरच होते. साचेखात्यात बदली कामगार होते. १८ जानेवारीला अडीच लाख कामगार बाहेर पडले. ‘संपात आम्ही होतो, नेतृत्वात डॉक्टर होते,’ एवढं बोलून ते दत्ता सामंतांचा विषय मिटवतात. तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. त्या हिशेबाने कॉम्रेड अजून संपावर आहेत. गिरणीच्या जागी टॉवर उभा राहिला, म्हणून कामावर हजर व्हायचा प्रश्नही उरला नाही.

संपानंतर ते युनियनचे होलटायमर झाले. मानधन इतकं की त्यात त्यांचा चहा भागावा. घर चाललं ते बाईंच्या म्युनिसिपालिटीच्या शाळेतल्या पगारावर. बाईंनी मार्क्स वाचलेला नाही, पण वरकड मूल्य म्हणजे काय हे त्यांना सांगावं लागत नाही.

‘अहो, मेथी आणा म्हटलं होतं मी.’

‘अगं, भाजीच्या भावाचं मूळ तू डिझेलच्या...’

‘मूळ नको. पानं बघून आणा.’

या माणसाला गिरणगावाने आमदार तर सोडाच, नगरसेवकही केलं नाही. बोनस अडला की लाल बावटा आणि मतदानाच्या दिवशी भगवा, ही इथली जुनी वाटणी. कॉम्रेडना ती माहीत आहे. ‘वस्तुगत परिस्थिती अनुकूल आहे, आत्मगत घटक कमी पडतो,’ म्हणतात आणि पुढच्या माणसाची पावती फाडतात.

कॉम्रेडना बघायचं तर व्यासपीठावर बघू नये, युनियनच्या कचेरीत संध्याकाळी सातनंतर बघावं. टॉवरचा एक वॉचमन येऊन बाकड्याच्या कडेला बसतो. अठरा वर्षं नोकरी झाली, आता एजन्सी म्हणते, खुशीने पंचवीस हजार देतो, सही कर आणि गावाला जा.

‘शेवटचा पगार किती? बेसिक आणि महागाई धरून सांग.’

‘तेरा हजार, कॉम्रेड.’

इथे मात्र आंतरराष्ट्रीय परिस्थिती येत नाही. जुनं हँडबिल उलटं होतं, पेनाचं टोपण निघतं. तेरा हजार भागिले २६ म्हणजे पाचशे. गुणिले १५, साडेसात हजार. गुणिले १८ वर्षं. कॉम्रेड आकड्याखाली दोन रेघा मारतात: एक लाख पस्तीस हजार.

‘ही खुशी नाही, ग्रॅच्युइटी आहे. पगाराच्या चिठ्ठ्या ठेवल्यास?’

वॉचमन पिशवीतून रबर लावलेली चळत काढतो. कॉम्रेड ती तारखेवार लावतात, कार्बन घालून अर्ज लिहितात, अंगठ्याला शाई लावायला निघालेल्या त्या माणसाला ‘सही येते ना? मग सही कर’ म्हणून दटावतात. आणि बजावतात, ‘अर्ज दिलास की दुसऱ्या प्रतीवर शिक्का घे. बोललेलं वाऱ्यावर जातं, शिक्का मारलेलं कोर्टात उभं राहतं.’

क्रांतीचा ठराव मांडताना थरथरणारा तो आवाज इथे तलाठ्यासारखा कोरडा असतो. मला वाटतं, त्यांची खरी चळवळ ती हीच. लाल बावट्याखाली त्यांनी क्रांती किती केली, याचा हिशेब पक्षाने करावा. बुडालेले पैसे किती घरांत परत नेले, याचा हिशेब त्यांच्या त्या फायलींत आहे, आणि त्या फायलींना कुठलंही अधिवेशन फोडू शकलेलं नाही.

हल्ली कॉम्रेड नव्या श्रमसंहितांवर लाल पेनाने रेघा मारत बसलेले असतात. २९ कायद्यांचे चार झाले, संपाला जायचं तर आधी चौदा दिवसांची नोटीस. कुरिअरची, डिलिव्हरीची पोरं कचेरीत डोकावतात, कॉम्रेड त्यांना समोर बसवतात आणि नाइलाजाने पॅलेस्टाइनपासून सुरुवात करतात. पोरं मोबाइल बघतात, पण बसून राहतात, कारण शेवटी कॉम्रेड त्यांच्या कापलेल्या पैशांवर येणार हे त्यांना कळून चुकलंय.

युनियन नोंदवायच्या अर्जावर किमान सात सह्या लागतात. कॉम्रेडचा अनुभव असा की सहा चटकन मिळतात आणि सातवा नेहमी ‘घरी विचारून सांगतो’ म्हणून जातो तो जातोच. तुम्ही नोकरी करत असाल, पगाराच्या चिठ्ठ्या जपून ठेवत असाल आणि तासभर भाषण सोसायची तयारी असेल, तर घरी विचारून घ्या आणि परत या. सातव्याची जागा रिकामी आहे.