लाइन थांबवा

माणसाच्या चेहऱ्यावर काही उठलं की तो चेहरा त्याचा एकट्याचा राहत नाही. पाठीवर गळू होवो, तळपायाला कुरूप होवो, कुणी विचारत नाही, कारण ते कुणाला दिसतच नाही. तोंडाभोवती लाल पुरळ आलं की मात्र कंपनीच्या बसमध्ये पाय ठेवल्यापासून वैद्यकीय मंडळ बसतं. मोशीहून म्हाळुंग्याकडे जाणारी पहिल्या शिफ्टची बस चाकणच्या तळेगाव चौकातल्या कोंडीत अडकली की या मंडळाला वेळही भरपूर मिळतो. उष्णता आहे, सब्जा घे. पोट साफ नाही, एरंडेल घे. रात्री कोळी फिरला असेल. टूथपेस्ट चोळ, सकाळपर्यंत बसतंय बघ. आणि ड्रायव्हरचं ठरलेलं, "लग्नाचं बघा हिच्या, आपोआप जाईल."

हे सगळं ज्या चेहऱ्यावरून चाललं होतं तो माझ्या पुतणीचा. ती आमच्याकडे राहते आणि वायरिंग हार्नेसच्या लाइनवर काम करते. मी भोसरीच्या एका कारखान्यात क्वालिटी खात्यातून रिटायर झालेला. माणूस रिटायर होतो, पण डोळे होत नाहीत. तेव्हा चष्मा लावला, तिला खिडकीशी उभं केलं आणि सवयीने तपासायला घेतलं. हनुवटीवर आणि नाकपुड्यांच्या कडेपर्यंत बाजरीएवढे लाल दाणे, दोन-चारांच्या टोकाला पू, मधली त्वचा कोरडी आणि जराशी सोललेली. पण ओठांना लागून अगदी बारीक अशी एक स्वच्छ कड सुटलेली होती. पुरळाने तिथे पाऊलच टाकलं नव्हतं. "खाजतंय का गं?" तर म्हणाली, "खाज कमी, आग जास्त. पाणी लागलं तरी चुरचुरतं, काका."

ती सुटलेली कड हीच या दुखण्याची सही आहे, हे आम्हाला पुढे त्वचेच्या डॉक्टरांकडून कळलं. तारुण्यपीटिकेत काळे-पांढरे ठिपके असतात, यात नसतात. याला पेरिओरल डर्मटायटिस म्हणतात. दोघा अमेरिकी डॉक्टरांनी १९५७ साली याचं वर्णन वेगळ्याच नावाने केलं आणि आजचं नाव १९६४ मध्ये आलं. होतो तो बहुतेक तरुण आणि मध्यमवयीन बायकांना. सदैव मेकअप लागतो म्हणून परदेशात याला गमतीने हवाईसुंदऱ्यांचा आजार म्हणत. हे ऐकून पुतणीचा चेहरा, आहे त्या अवस्थेतही, उजळला.

पण तिचा मेकअप तो काय! तिच्या बाबतीत खरी गोम होती ती पर्समधल्या, शेपटाकडून गुंडाळत आणलेल्या ट्यूबमध्ये. पहिल्यांदा चार दाणे आले तेव्हा ती चौकातल्या मेडिकलमध्ये गेली. त्याने मास्क खाली करायला सांगितला, काउंटरपलीकडूनच पाहिलं आणि म्हणाला, "हे लावा, सगळ्यावर चालतं." आणि चाललंही की! तीन दिवसांत चेहरा साफ. लावणं थांबवलं की आठवड्यात पुरळ परत, पहिल्यापेक्षा जास्त. पुन्हा लावलं की साफ. असं करत तिसरी ट्यूब संपत आली होती आणि आता ती लावूनही पुरळ हटत नव्हतं.

त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं, तेही चांगलं जोरदार. त्वचेवर लावायचं हायड्रोकॉर्टिसोन १९५२ साली आलं आणि एक्झिमासारख्या दुखण्यांत त्याने खरोखर क्रांती केली. मग साठच्या दशकात त्याची कितीतरी पट तेज भावंडं आली, आणि तोंडाभोवतीचं हे पुरळ मग जगभर मोठ्या प्रमाणात दिसू लागलं. स्टेरॉइड रक्तवाहिन्या आवळतं, म्हणून लाली जाते. दाह दाबतं, म्हणून आग थांबते. मूळ कारणाला ते हात लावत नाही. रोज चेहऱ्यावर चोपडलं तर त्वचा पातळ होते, आणि सोडलं की आवळलेल्या वाहिन्या सैल सुटून सगळा दाह दुपटीने उसळतो. घाबरून माणूस पुन्हा ट्यूब शोधतो. मेडिकलवाल्याला असं गिऱ्हाईक लाभलं तर तो कशाला बोलेल?

आपल्या देशात तर याचं वेगळं नावच पडलं आहे, स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा. कोलकात्याच्या डॉक्टरांनी २००८ मध्ये ते सुचवलं. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने वेगवेगळ्या शहरांतल्या केंद्रांवर चेहऱ्याची तक्रार घेऊन आलेले २९२६ रुग्ण तपासले. त्यांतले ४३३ जण असं मलम लावत होते आणि निम्म्याहून अधिक जणांना ते डॉक्टरांनी दिलेलंच नव्हतं. दिलं होतं दुकानदाराने, मैत्रिणीने, जावेने. कुणी गोरं होण्यासाठी लावत होतं, कुणी मुरुमांसाठी. हे २०११ साली छापून आलं. मार्च २०१८ मध्ये सरकारने १४ स्टेरॉइडांची मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली, त्यांत स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीनाशक एकत्र कालवलेली कितीतरी मलमं होती. कायदा दिल्लीहून निघाला खरा. तळेगाव चौकातली कोंडी बघता काउंटरपर्यंत पोचायला त्याला वेळ लागणारच.

शेवटी पुतणीला पालिकेच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी तिचा चेहरा अर्धा मिनिट पाहिला आणि ट्यूब पाच मिनिटं. मग म्हणाल्या, "सगळं बंद."

"सगळं म्हणजे?"

"ट्यूब बंद. फाउंडेशन बंद. रात्रीचं क्रीम बंद. हळद, बेसन, कोरफड, सगळं बंद. साधं कोमट पाणी. टूथपेस्ट फ्लोराइडची असेल तर तूर्त दुसरी घ्या आणि ती हनुवटीवर ओघळू देऊ नका. मास्क रोज धुतलेला, सुती."

सोबत डॉक्सिसायक्लिनच्या कॅप्सूल काही आठवड्यांसाठी आणि लावायला मेट्रोनिडाझोलची जेल. कॅप्सूल भरपूर पाण्याबरोबर घ्यायची, घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, उन्हात जपायचं. गरोदर बाईला आणि लहान मुलांना ही कॅप्सूल चालत नाही, म्हणून तेही आधी विचारून घेतलं. आणि निघताना म्हणाल्या, "पहिले आठ-दहा दिवस हे वाढेल. भरपूर वाढेल. मला शिव्या द्या, पण ट्यूब लावू नका."

मला बाई एकदम आमच्याच खात्यातल्या वाटल्या. टोयोटावाल्यांनी जगाला एक गोष्ट शिकवली, ती आपल्या एमआयडीसीत आता शिपायालाही पाठ आहे. दोष दिसला की दोरी ओढा, लाइन थांबवा. पुढचं स्टेशन सांभाळून घेईल म्हणून माल पुढे ढकलू नका, कारण रिवर्कवर रिवर्क चढवलेला माल शेवटी भंगारातच जातो. चाकणच्या प्रत्येक कारखान्यात भिंतीवर हे टांगलेलं आहे. त्या भिंतीखाली आठ तास उभी राहणारी माणसं संध्याकाळी घरी येऊन स्वतःच्या तोंडावर मात्र रिवर्क करतात. दाणा आला, क्रीम लाव. क्रीमने आग झाली, कोरफड लाव. कोरफडीने चिकट झालं, फेसवॉशने घास. लाइन थांबवायचं कुणालाच सुचत नाही.

सुचलं तरी घरचे थांबवू देत नाहीत. आमच्या घरात त्या पहिल्या दहा दिवसांत जे झालं ते बाईंनी बजावलं होतं तसंच. चेहरा टोमॅटोसारखा लाल. पुतणी आरशाकडे पाठ करून वेणी घाली. पण तिच्यापेक्षा हाल तिच्या काकूचे. आमची ही कोरफडीच्या कुंडीभोवती येरझाऱ्या घालायची. "निदान साजूक तुपाचं बोट तरी?" नाही. "गुलाबपाण्याने काय होणारे?" नाही. "अगं, गुलाब तो!" उपचार म्हणून काही न करणं हे आपल्या रक्तातच नाही. आपण त्याला आबाळ म्हणतो. डॉक्टर काढा देतात, पथ्य देतात, सुई देतात ते कळतं. डॉक्टर "हात लावू नका" म्हणतात तेव्हा केसपेपरचे पैसे फुकट गेल्यासारखं वाटतं. तिसऱ्या आठवड्यात दाणे बसायला लागले. दीड-दोन महिन्यांत हनुवटी पूर्ववत झाली, तरी हिचं म्हणणं कायम की तुपाने लवकर झालं असतं.

तोंडाभोवतीचं प्रत्येक पुरळ म्हणजे हेच दुखणं नसतं, तेही सांगितलं पाहिजे. समोरच्यांचा नातू थंडीत सारखा ओठ चाटतो, त्याला लाल कडं येतं, पण ते थेट ओठाला चिकटून. त्याला साधी पेट्रोलियम जेली पुरते, आणि चाटणं थांबवायला आजीचा धाक. आधी मुंग्या येऊन मग पाण्याच्या फोडांचा घोस उठला तर तो हर्पिस, त्यावर स्टेरॉइड म्हणजे आगीत तेल. लहान मुलाच्या तोंडाशी मधासारखी पिवळी खपली धरली तर तो जंतूंचा संसर्ग, घरभर पसरतो, लगेच दाखवावं. आणि माझ्या वयाला येतात त्या ओठांच्या कोपऱ्यांतल्या चिरा. कवळी नीट बसत नाही, कोपऱ्यात लाळ साचते, तिथे कॅन्डिडा नावाची बुरशी मुक्काम करते. लोह किंवा बी-जीवनसत्त्व कमी असलं तरी तेच.

या बुरशीशी पिंपरीचं जुनं वैर आहे, हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण हल्ली पिंपरी म्हटलं की लोकांना गाड्याच आठवतात. गाड्यांच्या आधी इथे औषध आलं. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, आपली एच.ए., १९५४ मध्ये स्थापन झाली आणि देशी पेनिसिलिन इथून निघालं. तिथल्याच प्रयोगशाळेत डॉ. एम. जे. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९६१ च्या सुमारास मातीतल्या एका जिवाणूपासून बुरशीला मारणारं औषध मिळालं. कंपनीच्या नावावरून औषधाला हॅमायसिन म्हणाले आणि जिवाणूचं नाव ठेवलं स्ट्रेप्टोमायसिस पिम्प्रिना. तोंडात कॅन्डिडाचा पांढरा थर धरतो त्यावर ते लावत असत. विज्ञानाच्या पुस्तकात पिंपरी कायमची जाऊन बसली ती अशी, एका जिवाणूच्या मागे लागून. कवळी बसवताना मी हे दातांच्या डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "आ करा."

पुतणीची आता कंपनीत बढती झाली आहे, म्हणजे पगार तेवढाच, पण त्वचेच्या बाबतीत लोक तिच्याकडे येतात. ती एकच काम करते, ट्यूब उलटी करून मागची मुंगीएवढी अक्षरं वाचते. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल असलं काही दिसलं की भुवया वर. परवा कॅन्टीनमध्ये पेंट शॉपमधला एकजण हनुवटी घेऊन आला. तिने ट्यूब मागितली आणि वाचली.

"दादा, हे कुणी दिलं?"

"मेडिकलवाल्याने."

"तोंडासाठी?"

"नाही, मांडीला नायटा होता त्यासाठी. तो काय गेला नाही, वाढलाच. ट्यूब उरली होती, म्हटलं वाया कशाला घालवा."

तिने ट्यूब स्वतःच्या खिशात टाकली आणि दवाखान्यात केसपेपरच्या रांगेला किती वाजता उभं राहायचं ते सांगितलं.

"म्हणजे सुट्टी टाकावी लागेल," तो म्हणाला.

"टाका."

"आणि डॉक्टर काय देतील?"

"बहुतेक काही नाही," ती म्हणाली. त्यावर त्याने ट्यूब परत मागितली.