एखादा मोठ्ठा शब्द द्या

अंबड रस्त्यावर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं मंगल कार्यालय बांधलं. तसं म्हणायची आता सोय नाही. मंगल कार्यालय त्याच्या बापाच्या लग्नाला होतं. आता लॉन्स असतात. एकच असलं तरी अनेकवचनी. पाटी करायला टाकण्याआधी तो घरी आला, अर्धा चहा संपवला आणि म्हणाला, "सर, तुम्ही आमाला इंग्लिश शिकवलं. एखादा मोठ्ठा शब्द द्या."

"किती मोठ्ठा?"

"शेजारच्यानं 'रॉयल' घेतलं, समोरच्यानं 'ग्रँड'. पुढं एक 'पॅलेस' बी झालाय. मंग आमाला राहिलं काय?"

विशेषणाच्या तीन पायऱ्या शिकवण्यात माझी उभी नोकरी गेली. तेव्हा या गृहस्थांना 'गुड, बेटर'नंतर 'बेटरेस्ट' सुचायचं. मी त्याचे गुण कापले होते. आज वाटतं, त्याला धंद्याची भाषा तेव्हाच कळली होती आणि मला व्याकरणाखेरीज काही कळत नव्हतं.

"मराठीत ठेव की. 'ऐसपैस' ठेव."

मी पाहुण्यांना जमिनीवर बसवून वरण-बट्टी वाढायला सांगितल्यासारखं त्यानं माझ्याकडे पाहिलं.

त्याचंही खोटं नव्हतं. मराठीत श्रीमंतीचे शब्द ढीगभर, पण सरळ मनाचा शोधून सापडत नाही. भपका, डामडौल, बडेजाव, चंगळ, मिजास. शब्द तोंडातून निघायचा अवकाश, मागून आजी म्हणते, 'पुरे झाली थेरं!' 'थाट' त्यातल्या त्यात बरा, पण 'थाट बघा' म्हटलं की तोही नाक मुरडतो. आणि 'ऐश' हा शब्द तर आमच्या घरात फक्त दुसऱ्याच्या मुलाबद्दल वापरायचा असे. इंग्रजी विशेषणाचा मोठा फायदा हा, की आजीला ते कळत नाही, त्यामुळे तिला रागावता येत नाही. खरं तर 'लक्झरी'चंही पूर्वचरित्र काही बरं नाही. चॉसरच्या काळात तिचा अर्थ कामवासना असा होता. पण साहेबाच्या घरातली ही भानगड जालन्यापर्यंत आली नाही. आमच्याकडे ती थेट ट्रॅव्हल्सच्या गाडीवर बसूनच आली.

या लक्झरीला मराठीत आणताना एस.टी.नं मात्र कमाल केली. 'सेमी-लक्झरी'ला शब्द केला 'निमआराम'. ज्या कुणी केला त्याला माझा नमस्कार. सगळा तोरा काढून टाकला, नुसता आराम ठेवला आणि तोही निम्माच कबूल केला. इतकी प्रामाणिक जाहिरात मी दुसरी पाहिली नाही. प्रवाशांनी अर्थातच तो शब्द तिकिटापुरताच ठेवला. 1982 सालच्या दिल्लीतल्या आशियाई खेळांवरून त्या गाडीचं नाव पडलं 'एशियाड'. तेव्हाच्या औरंगाबादला जाऊन आलेला माणूस 'एशियाडनं आलो' असं सांगायचा, जणू गळ्यात पदक घालूनच उतरला आहे.

मोठ्या शब्दांची ही हौस आमच्या मुलखाला नवी नाही. आम्ही निझामाची रयत. बाकीचे मोठे राजे-महाराजे नुसते 'हिज हायनेस', पण पहिल्या महायुद्धात केलेल्या मदतीची परतफेड म्हणून 1918 साली इंग्रजांनी आमच्या उस्मान अली खानांना मध्ये एक विशेषण घालून दिलं: 'हिज एक्झॉल्टेड हायनेस'. अख्ख्या हिंदुस्थानात तसं एकच. पैसे, माणसं, लढाई सगळं खरं. बदल्यात एक शब्द. याला म्हणतात व्यापार. त्यांच्या रेल्वेच्या नावातही एक विशेषण होतं: 'निझाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे'. हमी भांडवलावरच्या व्याजाची होती, गाडी वेळेवर येण्याची नव्हे. हे फलाटावर बसलेल्या माणसाला कोण सांगणार?

जिल्ह्यात खऱ्या अर्थानं राबलेलं इंग्रजी विशेषण माझ्या मते एकच, 'हायब्रीड'. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली जालन्यात 'महिको' ही बियाण्यांची कंपनी काढली आणि पुढं 1998 साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पण तो शब्द पाटीवर मिरवला नाही, तिफणीतून मातीत गेला. आता ज्वारीलाच 'हायब्रीड' म्हणतात आणि नाजूक प्रकृतीच्या पोरांनाही.

हे सगळं मी विद्यार्थ्याला ऐकवलं. त्यानं उरलेला चहा संपवला. "सर, शब्द?"

मी शब्दकोश काढला. 'सम्प्च्युअस'वर बोट ठेवलं. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला 'खर्च' आहे असं सांगताच तो म्हणाला, "मुलीचा बाप आधीच घाबरलेला असतोय." 'पॅलेशियल' पुढच्या 'पॅलेस'च्या हद्दीत गेला असता. मग 'लॅव्हिश' आला. त्याचं मूळ सांगितलं: जुन्या फ्रेंचमध्ये धो-धो पावसाला असला शब्द होता.

तो थांबला. लॉन्सची जागा म्हणजे त्याच्या वडिलांची मोसंबीची बाग. 2012 च्या दुष्काळात त्यांनी टँकरच्या पाण्यावर दोन महिने ती धरून ठेवली, मग झाडं तोडली. फाटकापाशी एक खोड अजून आहे. त्याला त्यानं दिव्यांची माळ गुंडाळली आहे.

"पाऊस म्हणता?"

"हो. धो-धो."

"मंग हेच."

पाटी लागली. आडनावाआधी सोनेरी अक्षरांत 'लॅव्हिश', वर मुकुट, रात्री दिवे. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. महिन्याभरात त्याच्याकडच्या पहिल्याच लग्नाला निघालो. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला नीट उच्चार करून सांगितलं, "लॅव्हिश लॉन्स."

त्यानं मागे वळून पाहिलं.

"लई ऐश लॉन का? बसा की, आत्ताच दोन आज्ज्या सोडून आलो तिथं."