अंगणातील मातीची जबानी कशी घ्यावी

ज्या गृहस्थाला घरामागे चार हात रुंद आणि सहा हात लांब एवढी जमीन दैवयोगाने लाभली आहे, जो तीत दरसाल मृगाच्या पहिल्या सरीबरोबर उत्साहाने काहीतरी लावतो, आणि दिवाळीच्या सुमारास ते वाळलेले पाहून त्याचा दोष अनुक्रमे रोपवाटिकेच्या माळ्याला, पर्जन्याला, शेजारच्या मांजराला व सरतेशेवटी स्वतःच्या प्रारब्धाला देतो, अशा गृहस्थाच्या हितार्थ प्रस्तुत मार्गदर्शन लिहिले आहे. आरोपींच्या या यादीतून एक नाव सदैव वगळले जाते, ते मातीचे. ती पायाखालची, त्यातून मुकी. आणि काळी असली म्हणजे कसदार असलीच पाहिजे, असा आम्हा देशावरच्या लोकांचा इतका दृढ ग्रह आहे की तिची जबानी घ्यावी असे कोणाच्या मनातही येत नाही.

आमच्या मनात ते आले याचे श्रेय एका अनंताच्या रोपाला. राजापूरच्या मावशीने एस.टी.च्या प्रवासात मांडीवर धरून ते पुण्याला आणले, अंगणात लावताना "याला काही लागत नाही रे, आमच्याकडे नुसतं वाढतं" असे आश्वासन दिले, आणि त्यावर विसंबून आम्ही त्याला खरोखरच काही दिले नाही. पहिल्या वर्षी त्याने सात फुले दिली. दुसऱ्या वर्षी कोवळी पाने पिवळी पडू लागली. शिरा तेवढ्या हिरव्या, मधला सारा भाग हळदीने माखल्यासारखा. शेतकरी याला केवडा पडणे म्हणतात. मरणपंथाला लागलेल्या पानाला इतके सुवासिक नाव देणाऱ्या भाषेविषयी आम्हाला आदर आहे, परंतु त्याने पान हिरवे होत नाही. शेजारी राहणाऱ्या निवृत्त मामलेदारांनी कुंपणावरून रोपाची पाहणी केली आणि "कॅल्शियम कमी पडतंय, अंड्याची टरफलं घाला" असा हुकूम दिला. आमचे घर शाकाहारी असल्यामुळे टरफले त्यांच्याच स्वयंपाकघरातून, वर्तमानपत्रात गुंडाळून, तिन्हीसांजा उलटल्यावर येत. सहा महिने आली. अनंत अधिक पिवळा झाला.

तेव्हा प्रथम कर्तव्य म्हणजे नमुना घेणे. आणि वाचकाने मनावर कोरून ठेवावे की या संपूर्ण प्रकरणात जी चूक होते ती बहुधा येथेच होते, पुढची सारी रसायने निरपराध असतात. वरचे गवत व पालापाचोळा दूर सारून, इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा वीतभर खोल खड्डा घ्यावा, त्याच्या एका बाजूने वरपासून तळापर्यंत सारख्या जाडीची माती खरवडून काढावी, आणि अशी माती पाच-सहा ठिकाणांहून एकत्र करावी. मात्र ती कोठून घेऊ नये याची फर्माने कडक आहेत. खताच्या खड्ड्याजवळची नको, मोठ्या झाडाखालची नको, पाणी साचते तेथली नको. घरच्या अंगणापुरती भर आम्ही स्वानुभवाने घालतो ती अशी की, धुण्याच्या दगडाखालची साबणाने न्हालेली नको, आणि भिंतीलगतची, जिच्यावर रंगकाम्यांनी चुना व सिमेंट झटकले आहे, ती मुळीच नको. हे सर्व वर्ज्य प्रदेश चार हात गुणिले सहा हातांतून वजा केले असता आमच्याकडे जेवायला बसण्याच्या पाटाएवढी भूमी निर्वेध उरली.

गोळा झालेली माती स्वच्छ कापडावर पसरून तिचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन टाकून द्यावेत, उरलेले दोन पुन्हा कालवून पुन्हा चार भाग करावेत, आणि भाऊबंदकीतल्या वाटणीप्रमाणे, शेवटी कोणाच्याच उपयोगी न पडेल इतके म्हणजे सुमारे अर्धा किलो उरेपर्यंत, हा क्रम चालू ठेवावा. मग ती सावलीत वाळवावी. आम्ही ती मधल्या खोलीत वर्तमानपत्रावर वाळत घातली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी कामाच्या बाईंनी "किती घाण झाली होती हो खाली" असे म्हणत ती सुपलीत भरून पुन्हा अंगणातच टाकली. म्हणून नमुन्यावर चिठ्ठी असावी, आणि चिठ्ठीचा अर्थ घरातील सर्वांना आगाऊ समजावून सांगितलेला असावा.

मातीची चौकशी हा काही आमचा नवा छंद नव्हे. इंग्रजी अमलात, १८३५ च्या सुमारास, इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जमिनीची पाहणी आरंभली, आणि पुढे त्यातूनच जी प्रतबंदी ठरली तीत माणसे शेतोशेत खड्डे घेऊन मातीची खोली व पोत पाहत आणि तिचे मोल आण्यांत लावीत. उत्तम माती सोळा आणे. तीच पहिली धरून खाली एकूण नऊ पायऱ्या. मातीत चुनखडीचे बारीक खडे सापडले, तर तो दोष धरून तिला खालच्या पायरीवर उतरवीत. म्हणजे जे गुपित त्या काळच्या प्रतबंदीच्या कारकुनाला पहारीच्या दोन घावांत कळत होते, ते आमच्या निवृत्त मामलेदारांना महसूल खात्यात सारी हयात घालवूनही टरफलांच्या आड दिसले नाही.

आता आम्लतेकडे वळू. माती आम्ल की विम्ल हे ज्या अंकाने सांगतात त्याला मराठी कृषिशास्त्राने सामू असे घरगुती नाव दिले आहे; इतके घरगुती, की "सामूचा निकाल आला का?" असे आम्ही दूरध्वनीवर विचारताना ऐकून घरी आलेल्या पाहुण्यांनी सामू हा आमचा दहावीला बसलेला पुतण्या असावा असे समजून काळजी व्यक्त केली. ही मोजपट्टी १९०९ साली सोरेन्सन या डॅनिश रसायनवेत्त्याने कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत, अर्थात बिअरच्या कारखान्याने पोसलेल्या प्रयोगशाळेत, सिद्ध केली. तुळशीवृंदावनातील माती तपासणाऱ्या सात्त्विक वाचकाने हा तपशील विसरावा. सात म्हणजे तटस्थ, खाली आम्ल, वर विम्ल. सातापासून आठापर्यंत एकच पायरी दिसते खरी, पण या जिन्याची प्रत्येक पायरी दसपट उंच असते. बहुतेक झाडे साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान सुखाने संसार करतात. कोकणात पाऊस इतका कोसळतो की मातीतला चुना धुऊन समुद्राला मिळतो आणि जांभ्याची तांबडी, आंबट माती मागे राहते. देशावर पाऊस बेताचा, त्यामुळे चुना जागचा हालत नाही आणि काळी माती आठाच्या आसपास ठाण मांडून बसते. अनंत हा जातिवंत आंबटशौकीन. त्याला राजापूरहून पुण्याला आणणे म्हणजे सोलकढीवर वाढलेल्या माणसाला चुन्याच्या निवळीवर ठेवणे होय, हे आम्हाला फार उशिरा कळले.

घरच्या साक्षीदारांत पहिली हळद. चुना लागताच हळद लाल होते हे कुंकू करणारांना पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे, आणि आमटीचा डाग साबण लावताच तांबडा झालेला पाहणाऱ्या प्रत्येक गृहिणीलाही. परंतु ही साक्षीदार मोठ्या गुन्ह्यावरच तोंड उघडते. सौम्य विम्लतेबाबत तिचे उत्तर "मला नक्की आठवत नाही" असे असते. दुसरी साक्षीदार जास्वंद. गणपतीच्या वाट्याच्या सहा फुलांपैकी चार फुलांच्या पाकळ्या आम्ही पाण्यात उकळल्या (यावरून घरात जे झाले ते शास्त्रीय विषयाशी संबंधित नसल्याने येथे देत नाही), तेव्हा गडद जांभळट अर्क मिळाला. त्यात लिंबू पिळताच तो गुलाबी झाला, खाण्याचा सोडा टाकताच हिरवट. आता मातीचे पाणी: एक भाग मातीला अडीच भाग शुद्ध पाणी, ढवळून अर्धा तास निवळत ठेवलेले. पाणी नळाचे घेऊ नये, कारण ते स्वतःचीच जबानी देऊ लागते. विहिरीचे अथवा बोअरचे तर, ज्यात तुरीची डाळसुद्धा शिजायला नकार देते, ते फितूरच समजावे. गाडीच्या बॅटरीत घालतात ते पाणी चालते. आमची निवळी अर्कात पडली आणि जांभळा रंग क्षणभर घुटमळून शेवाळासारखा झाला.

तिसरी साक्ष व्हिनेगरची, आणि ती कडकडीत. चमचाभर कोरड्या मातीवर ते ओतताच गोळीसोड्याची बाटली फोडल्यासारखा फसफसाट झाला. चुनखडीचा कर्बवायू निघून जातानाचा तो आवाज. मामलेदारांनी ताबडतोब हरकत घेतली की मुद्देमालात टरफले मिसळलेली आहेत, आणि ती हरकत कायदेशीर होती, कारण अंड्याचे टरफल म्हणजे तरी काय, बव्हंशी तीच चुनखडी. ज्या रोपाला चुन्याची बाधा झाली होती त्याला आम्ही सहा महिने चुनाच चारीत होतो. म्हणून दोन हात खोल खणून, जेथे कोणत्याही कोंबडीचा संबंध पोहोचणे शक्य नाही अशा थरातून, पांढरे खडे असलेली माती काढली व तिच्यावर व्हिनेगर ओतले. ती अधिकच फसफसली. मामलेदार काही न बोलता घरात गेले आणि त्या संध्याकाळपासून टरफले आली नाहीत.

या ठिकाणी दोन सुयांच्या त्या यंत्राचाही उल्लेख करणे प्राप्त आहे, जे मातीत खुपसताच तबकडीवर सामू दाखवते अशी जाहिरात असते. आमच्या यंत्राने कोरड्या मातीला सात, तांब्याभर पाणी घातल्यावर साडेसहा आणि बादलीभर घातल्यावर सहा असा निर्वाळा दिला. हे स्वस्त यंत्र दोन धातूंमधला क्षीण प्रवाह मोजते आणि तो ओलीबरोबर वाढतो. "ओल बोट घालूनही कळते की," असे सौभाग्यवती म्हणाल्या. त्या यंत्रावर यापेक्षा सखोल समीक्षा आमच्या वाचनात नाही.

पोषकद्रव्यांचे प्रकरण याहून नाजूक. नत्र, स्फुरद आणि पालाश या त्रिमूर्तीची घरगुती परीक्षा नळकांड्यांच्या पेटीने होते: निवळी भरायची, पुडी टाकायची, हलवायचे, दहा मिनिटे थांबायचे आणि जो रंग येईल तो छापील पट्टीशी जुळवायचा. स्फुरद असेल तर निळा रंग येतो. किती निळा, यावर मात्र आमच्या घरात अर्धा तास वाद झाला. आमच्या मते तो "मध्यम". सौभाग्यवतींनी नळकांडे खिडकीशी धरून सांगितले की पट्टीवरचा मध्यम हा आकाशी आहे, हा मोरपिशाकडे झुकतो, आणि ज्या माणसाला लग्नातल्या शालूचा रंग आजतागायत "लालसर" एवढाच सांगता येतो त्याने या भानगडीत पडू नये. निकाल त्यांचाच ग्राह्य धरला. नत्राची जबानी तर सोमवारी एक आणि सरीनंतर बुधवारी दुसरी, कारण नायट्रेट पाण्याबरोबर खाली उतरून जाते.

परंतु खरी गोष्ट या पट्टीवर उमटतच नाही. दख्खनचा काळा दगड लोहाने भरलेला आहे, त्याच्या झिजेतून झालेली ही माती लोहाने भरलेली आहे, आणि तिच्यात उभा असलेला अनंत लोहावाचून पिवळा पडतो आहे. कोठार गच्च आहे. किल्ल्या चुन्याच्या कमरेला आहेत. स्फुरदाचीही तीच अवस्था. म्हणून हिराकस आणून नुसती मुळाशी टाकली तर तीही थोड्याच दिवसांत त्याच कोठारात जमा होते. ती शेणखतात मुरवून द्यावी, नाहीतर पातळ करून पानांवर फवारावी.

सरतेशेवटी आम्ही उरलेला नमुना सरकारी मृद्‌चाचणी प्रयोगशाळेत नेऊन दिला, आणि प्रत्येक वाचकाने पेटीवर पैसे खर्च करण्याआधी तेच करावे, हे या मार्गदर्शनातील एकमेव गंभीर वाक्य आहे. तेथील अर्जात क्षेत्र, मागील पीक आणि पुढील पीक असे रकाने होते; आम्ही अनुक्रमे "एक पाट", "अनंत" आणि "अनंत, कृपा असल्यास" असे भरले. लिपिकाने ते वाचले, आमच्याकडे पाहिले आणि शिक्का मारला. अहवालात सामू ८.२, सेंद्रिय कर्ब कमी, पालाश भरपूर, लोह कमी. आकडे मात्र हेक्टरी किलोंचे. हेक्टरी १०० किलो म्हणजे चौरस मीटरला दहा ग्रॅम, आणि फूटभर तोंडाच्या कुंडीला पाऊण ग्रॅमहूनही किंचित कमी. तेवढे मोजण्याजोगा तराजू पेठेत सोनाराकडेच आढळतो, आणि सोनाराला हे कशासाठी हवे ते समजावून सांगण्यास लागणारा वेळ या हिशेबात धरलेला नाही.

अनंत आता कुंडीत आहे. त्याला पावसाचे साठवलेले पाणी मिळते आणि पालापाचोळ्याचे खत मिळते. नवी तीन पाने हिरवी आली आहेत. कुंडी मात्र अद्याप अर्धीच भरली आहे, कारण तांबडी माती संपली आणि मावशी यंदा येणार नाहीत. तेव्हा वाचकांपैकी कोणी दिवाळीनंतर राजापूर, लांजे अथवा रत्नागिरीकडे जाणार असल्यास परतताना आमच्यासाठी एक पिशवी माती आणावी. पिशवी खताची नसावी.