कॅरिबियन, व्हाया राजघाट

धाकटीला दहा पूर्ण झाली आणि आमच्या बुऱ्हाणपूरच्या ओसरीवर स्कूबा डायव्हिंगसाठी बोनेर बेटाचा नकाशा पसरला. तारकर्ली सुचवून पाहिलं. "तिथे सगळेच जातात!" पाडी या डायव्हिंग संस्थेच्या नियमाने दहा-अकरा वर्षांच्या पाणबुड्याला १२ मीटरच खाली जाता येतं, तेही डायव्हिंगचं प्रमाणपत्र असलेला पालक किंवा प्रशिक्षक सोबत असेल तर. पालक म्हणजे मी. तापीत राजघाटाला आजवर गुडघ्यापुढे न गेलेला.

मावा जिलेबीचा पाक बोटाने निपटत आई म्हणाली, "कुंडी भंडाऱ्यात घेऊन जा की. लिफ्टने ८० फूट खाली, १६१५ सालचं मोगली काम, व्हिसा नको."

"आजी, तिथे रंगीत मासे कुठेत?"

"पाणी आहे ना? आपल्या नळाला तेवढंही नाही."